वीस फुटांवरची बंदूक

संपादकांनी या वर्षी ‘शस्त्र’ हा विषय दिला. त्र्यंबकेश्वर आणि शस्त्र असं म्हटलं की कुणालाही सिंहस्थ आठवेल, कुशावर्तावर शाही स्नानाला निघालेले शैव आखाडे आणि त्यांचे त्रिशूळ, तलवारी, भाले. पण देवस्थानाची कमान मागे टाकून हरसूलच्या, वैतरण्याच्या किंवा अंजनेरीच्या अंगाला गेलं, की पाड्यांवर शस्त्राचा विषय निघतो तो वेगळ्याच कारणानं. बिबट्यानं शेळी उचलली की पिंजरा मागितला जातो. लेकरू उचललं की बंदूक. रस्ता अडवला जातो, वनखात्याची गाडी रोखून धरली जाते, आणि मागणी एकच असते की गोळ्या घाला. मागणी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घरात प्रेत असताना कुणी संवर्धनाची व्याख्यानं ऐकायला तयार नसतो, आणि नसावाही. पण ती मागणी जशीच्या तशी मान्य केली तरी पुढचा प्रश्न उरतोच, आणि तो सहसा कुणी विचारत नाही: कोणती बंदूक, कोणाच्या हातात, किती अंतरावरून, आणि जनावराच्या पलीकडे कोण उभं असताना?

या प्रश्नाचं उत्तर बंदुकीच्या ताकदीत शोधलं जातं, आणि गल्लत तिथेच होते. जवळच्या अंतरावर हत्यार निवडायचं ते जनावराभोवतीचं रिंगण बघून.

उंबऱ्याशी बांधलेलं सावज

त्र्यंबक तालुक्यातला बिबट्या निफाड-सिन्नरच्या उसातल्या बिबट्यासारखा राहत नाही. इथे ऊस नाही. पावसाळ्यात भात, नागली, वरई, आणि नंतर बोडके माळ. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, भास्करगड यांच्या कड्यांखाली कारवीची आणि करवंदीची जाळी, खडकांच्या कपारी, ओहोळ. दिवसा दडायला एवढं पुष्कळ झालं. आणि या लपणीपासून हाकेच्या अंतरावर पाडा: कुडाच्या किंवा विटांच्या भिंती, पुढे पडवी, आत एका बाजूला माणसं आणि दुसऱ्या बाजूला शेळ्या-कोंबड्या. पावसाच्या दिवसांत तर माणूस आणि जनावर एकाच छपराखाली निजतात. दाराला कडी असते, पण उकाड्यात दार उघडंच. उंबऱ्यावर कुत्रं.

हे कुत्रं महत्त्वाचं आहे. सह्याद्रीच्या याच रांगेत, नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा जो अभ्यास केला, त्यात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 बिबटे निघाले. तेही जिथे एका चौरस किलोमीटरवर 300 हून जास्त माणसं राहतात अशा, अभयारण्य नसलेल्या शेतीच्या प्रदेशात. बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा हिशेब मांडला, तेव्हा 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा आणि त्यात एकट्या कुत्र्याचा 39 टक्के निघाला. शेळीपेक्षाही जास्त. म्हणजे ज्याला आपण राखणदार समजतो, तो बिबट्याच्या लेखी ताटातला मुख्य पदार्थ आहे. बिबट्या पाड्यावर येतो तो बहुतेक वेळा माणसासाठी नाही, कुत्र्यासाठी. माणूस मधे येतो.

संख्येचंही सांगायला हवं. 2022 च्या गणनेवरचा जो राष्ट्रीय अहवाल 2024 मध्ये निघाला, त्यात देशात 13,874 आणि महाराष्ट्रात 1,985 बिबटे असल्याचा अंदाज आहे. ही गणना मुख्यतः वाघांच्या जंगलांत झालेली, त्यामुळे ऊसपट्टा आणि पाड्यांमागचे डोंगर तिच्यात नीट उतरतच नाहीत. एवढ्या बिबट्यांच्या शेजारी एवढी माणसं रोज झोपतात-उठतात आणि बहुतेक रात्री काहीच होत नाही, हीसुद्धा या विषयातली एक नोंद आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा लोंढा रात्रीपासूनच डोंगराभोवती चालत असतो. ज्या कपारींखालून तो जातो, त्या कपारी रिकाम्या नसतात.

कुत्र्यांनी अडवलेलं अस्वल

जवळून जनावर मारण्याचं शास्त्र ज्यांनी बारकाईनं घडवलं, त्यांची एक परंपरा अमेरिकेत आहे. उत्तर कॅरोलायना आणि टेनेसीच्या डोंगरांत काळ्या अस्वलाची शिकार कुत्र्यांच्या टोळीनं करतात. त्यासाठी ‘प्लॉट’ नावाची खास जात आहे आणि उत्तर कॅरोलायनानं तिला 1989 मध्ये राज्याचा अधिकृत कुत्रा ठरवलं. पद्धत अशी: कुत्रे वासावरून माग काढतात, अस्वलाला पळवतात, आणि शेवटी ते झाडावर तरी चढतं किंवा एखाद्या खडकाला पाठ लावून उभं तरी राहतं. कुत्रे गोल करून भुंकत राहतात. शिकारी मागून, धापा टाकत, दाट झाडीतून येतो. तो पोचतो तेव्हा अस्वल आणि त्याच्यामधे पाच-पंधरा पावलंच असतात, आणि त्या पावलांत सात-आठ कुत्रे नाचत असतात.

तिथले जुने शिकारी बंदूक कशी निवडतात हे बघण्यासारखं आहे. लांब पल्ल्याची, दुर्बीण लावलेली रायफल ते घेत नाहीत. दुर्बिणीत दहा पावलांवरचं अस्वल म्हणजे नुसते काळे केस. आखूड नळीची, हलकी, झुडपात न अडकणारी, खांद्याला लावताक्षणी साध्या माशीवर नेम बसणारी बंदूक त्यांना हवी असते. गोळी जाड, जड आणि सावकाश जाणारी. सगळ्यात मोठा विचार असतो तो गोळी अस्वलातून आरपार जाऊन पलीकडच्या कुत्र्याला लागणार नाही ना, याचा. दुसरा, अस्वल फक्त जखमी झालं तर ते शिकाऱ्याआधी कुत्रे फाडतं. त्यामुळे झाडावर चढलेल्या अस्वलावर बार टाकण्याआधी कुत्रे मागे ओढून बांधून ठेवायचे, हा अनेकांचा शिरस्ता असतो. शिकार बरी की वाईट हा वेगळा वाद. मला ती खेळ म्हणून मान्य नाही. पण हत्यार निवडण्यामागचा त्यांचा हिशेब पक्का आहे, आणि त्यात अस्वलाचा विचार कुत्र्यांच्या नंतर येतो.

आपल्याकडे असं का घडलं नाही? दख्खनला शिकारी कुत्र्यांची कमी नव्हती. कारवानी आणि मुधोळ ही नावं आजही लातूर-सोलापूरपासून बागलकोटपर्यंत अभिमानानं घेतली जातात. पण हे कुत्रे नजरेवर पळणारे. उघड्या माळावर ससा दिसला की वाऱ्यासारखे सुटतात. कारवीच्या जाळीत जिथे चार हातांपलीकडचं दिसत नाही, तिथे त्यांच्या वेगाचा उपयोग नाही, आणि बिबट्याला घेरून धरायला लागणारं अंगही त्यांच्याकडे नाही. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जनावर उठवायचं काम माणसंच करत आली. हाका घालायचा, डबे बडवायचे, जनावर एका तोंडानं बाहेर काढायचं. कुत्र्यांची जागा माणसांनी घेतली, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावं.

कुत्रे आणायचा प्रयोग अलीकडे झालाही. यवतमाळच्या राळेगाव-पांढरकवडा भागात टी-1 ऊर्फ अवनी वाघिणीच्या शोधात 2018 च्या ऑक्टोबरात गोल्फपटू ज्योती रंधावा यांचे इटालियन ‘केन कॉर्सो’ जातीचे कुत्रे उतरवले गेले. मोटर लावलेला पॅराग्लायडर आला, सुगंधी अत्तराचं आमिष झालं. कुत्र्यांना वाघीण सापडली नाही. 2 नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीनं मेली, आणि भुलीचा डार्ट आधी की गोळी आधी, गोळी झाडणाऱ्याला तो अधिकार होता का, यावर चौकशी समित्यांनी गंभीर प्रश्न उभे केले. त्र्यंबकसाठी यातून घ्यायचं ते साधं आहे. ज्या डोंगरात बिबट्याचं रोजचं जेवण कुत्रं आहे, तिथे कुत्रे सोडून बिबट्या घेरण्याची कल्पना म्हणजे शिकाऱ्याच्या हातानं वाढलेलं पान.

माणसांची टोळी

तरीही बिबट्या घेरला जातो. तो घेरतात माणसं. सकाळी बिबट्या एखाद्या घरात, गोठ्यात किंवा विहिरीत सापडल्याची बातमी फुटते. अर्ध्या तासात आजूबाजूच्या पाड्यांतून माणसं जमतात. कुणी कौलांवर चढतं, कुणी कुडाच्या फटीतून मोबाइल आत घालतं. पोरं दगड मारतात. आतलं जनावर कोपऱ्यात दबून बसलेलं असतं, कान मागे, पोट जमिनीला. त्याला पळायची एकच वाट हवी असते आणि प्रत्येक वाटेवर माणूस उभा असतो. अमेरिकेतला शिकारी कुत्रे मागे ओढतो. इथे मागे ओढायला कुणी नसतं.

नाशिक शहरानं याचा अनुभव घेतलेला आहे. 25 जानेवारी 2019 ला गंगापूर रस्त्यावरच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला आणि त्याच्या पळापळीत नगरसेवक आणि वार्तांकनाला आलेले पत्रकार जखमी झाले. 2025 च्या नोव्हेंबरात पुन्हा शहराच्या वस्तीत बिबट्या आला आणि वनकर्मचाऱ्यांसह काही जण जखमी झाले. या जखमांचं स्वरूप पाहिलं तर बहुतेकांच्या मागे एकच क्रम दिसतो: बिबट्या लपला होता, लोक जवळ गेले, बिबट्या वाट काढत सुटला, वाटेत जो आला त्याला पंजा बसला. भक्ष्य मारायचं असतं तेव्हा बिबट्या मानेला धरतो आणि ओढत नेतो. इथे तो ओरबाडून पुढे जातो. शहरात भोवती पोलिस आणि कॅमेरे तरी असतात. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावर एक वनरक्षक असतो आणि त्याच्या हातात काठी.

आता या रिंगणात बंदूक आणून बघू.

छर्रा, गोळी, सुई

परवानाधारकांकडे सहसा मिळते ती बारा बोअर. दोन नळ्यांची, खांद्यावर दणका देणारी. तिच्याबद्दल एक समज सर्वत्र आहे की छर्रे पसरतात, त्यामुळे नेम फार धरावा लागत नाही. लांबच्या पाखरासाठी ते काही अंशी खरं. वीस फुटांवर मात्र छऱ्यांचा गुच्छ जेमतेम तळहाताएवढा असतो. म्हणजे नेम रायफलीइतकाच धरायला हवा, आणि समोरचं जनावर बसलेलं नाही, उसळलेलं आहे. बिबट्या पूर्ण वेगात वीस मीटर दीड-दोन सेकंदांत कापतो. या वेळात खांद्याला बंदूक, पहिला बार, चुकला तर दुसरा. तिसऱ्याचा प्रश्न येत नाही. काडतूसही कुठलं भरलंय ते बघावं लागतं. तितरासाठीचे बारीक छर्रे कातडीत रुततात, बिबट्या मरत नाही, भडकतो. थांबवायचा तर एसजी किंवा एलजी, म्हणजे एका काडतुसात मोजके पण जाड छर्रे. जवळून, बचावासाठी, सज्ज माणसाच्या हातात ही बंदूक आजही सर्वांत शहाणी निवड आहे. जाड छर्रे अंगात ताकद टाकतात आणि रायफलीच्या गोळीइतके लांब जात नाहीत. तरी कुडाची भिंत त्यांना अडवत नाही, हे विसरून चालणार नाही.

दुसरी .315 रायफल. आपल्या देशातली परवान्याची ही नेहमीची रायफल. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते. बोल्ट मागे ओढून दुसरी गोळी भरायची. अंगावर आलेल्या जनावरासमोर तो बोल्ट ओढायला वेळ मिळत नाही. आणि गोळी बिबट्याच्या पन्नास-साठ किलोच्या अंगातून सहज आरपार जाते. पलीकडे भिंत असेल तर भिंतीतून, भिंतीपलीकडे कौलावर चढलेलं पोरगं असेल तर त्याच्यातून. रायफलीची जागा वेगळी आहे. पक्का ठरलेला नरभक्षक, रात्र, मारलेल्या भक्ष्याजवळ किंवा वाटेवर धरलेली बसायची जागा, मागे डोंगराची उघडी बाजू, आणि आजूबाजूला माणूस नाही. तिथे रायफल योग्य, कारण तिथे एकाच गोळीत काम व्हायला हवं आणि अंतर शिकाऱ्यानं स्वतः ठरवलेलं असतं.

गावठी ठासणीच्या बंदुकीचं नावही काढायला हवं, कारण कुठे कुठे शेताच्या राखणीसाठी ती अजून असते. दारू, चिंध्या, छर्रे नळीच्या तोंडातून ठासायचे, बार एकच, ओल्या हवेत तोही भरवशाचा नाही. आणि त्र्यंबकच्या पावसाळ्यात हवा कधी कोरडी असते?

मग राहते भुलीची बंदूक. हिला बंदूक म्हणतात खरी, पण ती गोळी झाडत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं ती एक इंजेक्शन फेकते. हा डार्ट हातात घेऊन बघावा. पुढे सुई, तिला टोकाला नाही तर बाजूला भोकं, आणि त्या भोकांवर रबरी टोपण. मागच्या कप्प्यात दाबलेली हवा, पुढच्यात औषध. सुई स्नायूत घुसली की कातडीच्या धक्क्यानं टोपण मागे सरकतं, भोकं उघडतात, आणि हवा औषधाला ढकलते. शेपटाला रंगीत लोकरीचा गोंडा, म्हणजे उडताना तोल राहतो आणि गवतात पडला तर सापडतो. विहिरीतल्या किंवा पिंजऱ्यातल्या जनावरासाठी तर नुसती फुंकनळी पुरते. औषध बहुतेकदा केटामाइन आणि झायलझिन यांचं मिश्रण, प्रमाण जनावराच्या वजनाच्या अंदाजावर, आणि ते पशुवैद्यकाच्याच हातून. केटामाइनवर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे ते वनपालाच्या कपाटात ठेवता येत नाही.

या सगळ्या यंत्रणेत एक गोष्ट कुणालाच बदलता येत नाही, ती म्हणजे वेळ. डार्ट मांडीत बरोबर बसला तरी बिबट्या आडवा व्हायला साधारण पाच ते पंधरा मिनिटं लागतात. चिडलेल्या, घाबरलेल्या, पळत असलेल्या जनावराला त्याहून जास्त. चित्रपटात सुई लागते आणि वाघ कोसळतो. प्रत्यक्षात सुई लागल्यावरची दहा मिनिटं ही सगळ्यात धोक्याची असतात, कारण जनावर पूर्ण जागं असतं आणि त्याला नुकतीच टोचणी बसलेली असते. ही दहा मिनिटं त्याला शांत, अंधारात, एकटं ठेवता आलं तर भूल लागते. भोवती दोनशे माणसं ओरडत असतील तर सर्वोत्तम बंदूक आणि सर्वोत्तम पशुवैद्यक दोन्ही वाया जातात. म्हणून डार्ट अपयशी ठरला असं आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा अपयशी रिंगण ठरलेलं असतं.

चाप ओढण्याआधीचा कागद

कायदा या बाबतीत समजतो तेवढा आंधळा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 नुसार माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यालाही मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी, कारणं नमूद करून देऊ शकतात. अट एक आहे: ते जनावर पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हलवता येत नाही, याची खात्री आधी पटायला हवी. आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूनं जनावर मारलं, तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. ते बहुतेक पाड्यांवर कुणी सांगितलेलंच नसतं. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं तर गर्दी आवरण्यावर जोर देतात. जमावबंदी लावा, पोलिस आणा, जनावराला बाहेर पडायला वाट ठेवा. कायद्यानं बंदुकीआधी रिंगणाचा विचार केला आहे. अडचण ही, की लेखी आदेश नागपूरहून निघतो आणि जमाव इथे, अर्ध्या तासात.

मग माणसं मरू द्यायची?

पहिला आक्षेप हाच, आणि तो टाळून लिहिणं अप्रामाणिक ठरेल. उत्तर नाही असंच आहे. एखादा बिबट्या माणसाला भक्ष्य समजू लागला, तर त्याला मारणं हे कधी कधी अटळ असतं, आणि महाराष्ट्रात ते झालेलं आहे. चाळीसगाव तालुक्यात 2017 मध्ये, करमाळा तालुक्यात 2020 च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात 2025 च्या नोव्हेंबरात. पिंपरखेडला भीती अशी बसली होती की शेतात जाताना माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली. तिथे आधी डार्ट मारायचा प्रयत्न झाला, तो फसला, बिबट्या उलटला आणि मग नेमबाजांनी गोळ्या झाडल्या. याचा अर्थ डार्ट निरुपयोगी असा काढणं घाईचं होईल. डार्टच्या शेजारी भरलेली बंदूक घेऊन सज्ज माणूस उभा होता, म्हणून डार्ट चुकल्यावरही माणूस गेला नाही. त्र्यंबकला हवी आहे ती हीच जोडी. सुई पुढे, जाड छऱ्यांची बारा बोअर मागे, आणि ती झाडायची की नाही याचा निर्णय एकाच, आधी ठरलेल्या माणसाचा.

दुसरा आक्षेप असा येतो की एवढ्या भानगडी करण्यापेक्षा पाड्यापाड्याला बंदुकीचा परवाना द्या. वरवर तो रास्त वाटतो. शहरातल्या माणसाला सुरक्षारक्षक आणि आदिवासी माणसाला फक्त सल्ला, हा दुजाभाव खरा आहे. पण इतिहास या उपायाच्या बाजूनं नाही. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर रुद्रप्रयागच्या बिबट्यानं आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे 125 माणसं मारली. त्या काळात गढवालात आधीच असलेल्या परवान्यांवर सरकारनं खास परवान्यांची भर टाकली, सापळे लावले, विष पेरलं. बिबट्या मेला तो 2 मे 1926 च्या रात्री, बांधलेल्या बकरीवर, आंब्याच्या झाडावर बसून वाट पाहणाऱ्या जिम कॉर्बेटच्या एका गोळीनं. बंदुका खूप होत्या, जागा आणि वेळ धरून बसलेला माणूस एकच होता. शिवाय घराघरातल्या बंदुका बिबट्यापुरत्या राहतील हे मानणं भाबडेपणाचं आहे. रात्री पडवीत काही हललं म्हणून झाडलेला बार बिबट्याला लागतो की परसाकडे गेलेल्या म्हातारीला, याची खात्री कोण देणार? आणि अर्धवट छर्रे बसलेला, दात किंवा पंजा निकामी झालेला बिबट्या पुढे माणसाकडे वळण्याचा धोका वाढतो, हे शिकारीच्या जुन्या साहित्यातही वारंवार आलेलं आहे.

तिसरा उपाय मारू नका, पकडून दूर सोडा हा. दयाळू वाटतो, पण जुन्नर परिसरानं तो करून पाहिलेला आहे. 2001 नंतर तिथून बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दुसरीकडे सोडले गेले. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार आधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, ते नंतर 17 पर्यंत गेले, आणि त्यांतल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. ओळखीचा बिबट्या हलवला की त्याच्या जागी अनोळखी येतो, आणि हलवलेला अनोळखी मुलखात, अनोळखी माणसांत जाऊन पडतो. पिंजऱ्याचा सरसकट वापर हा बंदुकीच्या सरसकट मागणीचाच सौम्य अवतार आहे. दोन्हींत नेमकं कोणतं जनावर, हा प्रश्न गाळलेला असतो.

राहता राहिली भरपाई. माणूस दगावला तर शासन आता 25 लाख रुपये देतं. रक्कम योग्यच आहे. पण ती हल्ल्यानंतरची. हल्ल्याआधी दाराला जाळी, गोठ्याला छप्पर आणि पाड्याला एक दिवा यांवर याच्या शंभराव्या भागाइतका खर्च झाला असता, तर त्यातल्या काही घरांत तो धनादेश पोचलाच नसता.

रिकामी झोपडी

2020 च्या ऑगस्टात शेजारच्या इगतपुरी तालुक्यात एका झोपडीत बिबट्याच्या मादीनं चार पिल्लं घातली. जवळून जनावराशी गाठ पडण्याचा याहून बिकट प्रसंग कल्पनेत आणणं कठीण: पिल्लं असलेली मादी, बंद जागा, भोवती वस्ती. तिथे ना डार्ट चालला, ना गोळी. माणसं दूर ठेवली गेली, कॅमेरे लावले गेले, आणि मादीनं आपल्या सवडीनं पिल्लं उचलून नेली. हे उदाहरण अपवादात्मक म्हणून सोडून द्यायचा मोह होतो. पण नीट पाहिलं तर ज्याला आपण शस्त्र म्हणतो त्याचं सगळं काम, जनावर आणि माणूस यांत अंतर पाडायचं, ते इथे झालेलं दिसतं. महादेव कोळ्यांच्या पाड्यांवर वसुबारसेला वाघबारस करतात. वेशीवरच्या वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वेशीच्या आत तू येऊ नको, वेशीच्या बाहेर आम्ही तुला छेडणार नाही, असा तो करार. श्रद्धा म्हणून मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण करारातलं अंतराचं कलम मला व्यवहारी वाटतं.

हे सगळं पुढच्या दोन वर्षांत तातडीचं होणार आहे. 2027 चा सिंहस्थ येतो आहे. रस्ते रुंदावतील, डोंगराच्या पायथ्याशी तात्पुरती गावं उभी राहतील, अन्नछत्रांचा उष्टावळा साठेल, त्यावर भटकी कुत्री पोसली जातील आणि कुत्र्यांमागे बिबटे येतील. मेळा उठल्यावर माणसं जातील, कुत्री राहतील. सुरक्षेच्या आराखड्यात चेंगराचेंगरी आणि घाट यांच्या शेजारी एक ओळ कचऱ्याची आणि कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची असायला हवी. आणि भुलीची बंदूक, फुंकनळी, जाळ्या आणि औषधासह पशुवैद्यक त्र्यंबकलाच बसायला हवेत. नाशिकहून त्र्यंबक 28 किलोमीटर म्हणजे फार दूर नाही, पण पर्वणीच्या दिवशी त्या रस्त्यावर गाडी हलणार नाही, आणि हरसूलकडचे पाडे त्याच्याही पुढे आहेत. बारा बोअर कुणाच्या हाती द्यायची, त्यानं वर्षातून किती वेळा हलत्या निशाण्यावर सराव करायचा, जमाव मागे सारायला पाड्यावरची कोणती दहा पोरं आधीपासून नेमायची, ही नावं पावसाळ्यापूर्वी कागदावर आली तरच उपयोग आहे. कोणती रायफल घ्यायची, ती चर्चा त्यानंतर करता येईल.